ठाण्याचा कायदा नक्की असतो कुठे? महापालिकेच्या कायद्यांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नौपाड्यातल्या आमच्या शनिवारच्या बैठकीत लोक पिशवीतून कागद काढतात. नोटीस, घरपट्टीचं बिल, सोसायटीचं इतिवृत्त, दुकानाचा जुना परवाना. कागद दर वेळी वेगळा, प्रश्न मात्र तेच. गेली काही वर्षं मी ते वहीत उतरवून ठेवत आले. जे पुन्हा पुन्हा येतात ते इथे दिले आहेत. शेजारच्या नवी मुंबईहून येणारे प्रश्नही यात आहेत.

१. ताई, मुलगा अमेरिकेत आहे. तिथे म्हणे शहराचे सगळे कायदे एकाच पुस्तकात असतात. तसं ठाण्याचं पुस्तक कुठे मिळेल?

तसं पुस्तक नाही. तिकडच्या बऱ्याच शहरांत नगर परिषद स्वतः जे कायदे करते ते विषयवार लावून एका संहितेत घालतात. पाळीव कुत्र्याच्या परवान्यापासून पार्किंगपर्यंत सगळं तिथे सापडतं. आपल्याकडे शहराने स्वतः केलेला कायदा फार थोडा. ठाणे महापालिका १ ऑक्टोबर १९८२ रोजी अस्तित्वात आली ती राज्याच्या कायद्याने, आणि तिचे अधिकार, कर, दंड, अगदी सभा कशी चालवायची हेही त्याच कायद्यात आहे. बांधकामाला दुसरा कायदा, झाडांना तिसरा, फेरीवाल्यांना चौथा. त्यामुळे "ठाण्याचा कायदा काय म्हणतो" असं विचारलं की उत्तर मिळत नाही. "या विषयाला कोणता कायदा लागतो आणि तो कोणी केलाय" असं विचारलं की मिळतं.

२. मुख्य कायदा कोणता मग? कोणी बीपीएमसी म्हणतं, कोणी एमएमसी.

दोन्ही नावं एकाच कायद्याची. मुळात तो मुंबई प्रांतिक महानगरपालिका अधिनियम, १९४९. त्याच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून बीपीएमसी. पुढे नाव बदलून महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम झालं, म्हणून एमएमसी, पण जुन्या लोकांच्या तोंडी बीपीएमसीच राहिलं. ठाणे, नवी मुंबई, कल्याण-डोंबिवली, पुणे, नाशिक सगळीकडे हाच.

अपवाद बृहन्मुंबईचा. मुंबईला १८८८ चा स्वतंत्र अधिनियम आहे, आणि घोळ असा की त्यालाही एमएमसीच म्हणतात. आमच्याकडे मुलुंडच्या नातेवाइकांचा सल्ला घेऊन आलेली माणसं हमखास असतात. "मेव्हण्याला ३५१ ची नोटीस आली होती, त्याने असं असं उत्तर दिलं." कलम ३५१ आणि ३५४ मुंबईच्या कायद्यातली. मुलुंडचा चेकनाका, म्हणजे मुंबईची हद्द, ओलांडली की ती संपतात. ठाण्यात अनधिकृत बांधकामाला २६० आणि धोकादायक इमारतीला २६४. मुलुंडचं उत्तर ठाण्याच्या नोटिशीला चिकटवू नका.

३. अधिनियम, नियम, विनियम, उपविधी, स्थायी आदेश, ठराव, परिपत्रक. यात मोठं कोण?

घरातली मडक्यांची उतरंड आठवा. सगळ्यात खाली मोठं मडकं, त्याच्यावर लहान, त्याच्यावर आणखी लहान. वरच्या मडक्याला आधार खालच्याचा. खालचं काढलं तर वरचं टिकत नाही.

तळाशी राज्यघटना. १९९२ च्या ७४ व्या घटनादुरुस्तीने, जी १ जून १९९३ पासून लागू झाली, शहरांच्या स्वराज्य संस्थांना घटनेत जागा मिळाली. बाराव्या अनुसूचीत त्यांच्याकडे देता येतील असे १८ विषय आहेत. "देता येतील" हे नीट वाचा. प्रत्यक्षात किती द्यायचे ते राज्य ठरवतं.

त्यावर अधिनियम, म्हणजे विधिमंडळाने मंजूर केलेला कायदा. अधिनियमाखाली नियम. मग उपविधी, जे महापालिकेची महासभा (सगळ्या नगरसेवकांची सभा) करते पण राज्य शासनाच्या मंजुरीशिवाय लागू होत नाहीत (कसे होतात ते प्रश्न ८ मध्ये). विनियम प्रामुख्याने कार्यालयाचा अंतर्गत कारभार सांभाळतात; स्थायी आदेश आयुक्त काढतात. कलम ४६५ आणि ४६६ पहा. ठराव म्हणजे सभागृहाने एखाद्या विषयावर घेतलेला निर्णय. परिपत्रक म्हणजे वरिष्ठांनी खालच्यांना दिलेली कामाची सूचना.

नागरिकाला खिडकीवर दाखवलं जातं ते बहुतेक वेळा परिपत्रक, म्हणजे उतरंडीतलं सगळ्यात वरचं, सगळ्यात लहान मडकं. परिपत्रक कायद्यातली पोकळी भरू शकतं, कायदा बदलू शकत नाही. अधिनियम जे देतो ते परिपत्रकाने काढून घेता येत नाही, आणि अधिनियमात नसलेला कर किंवा दंड परिपत्रकाने बसवता येत नाही. एवढं एक लक्षात ठेवलं तरी अर्ध्या वेळा खिडकीवरचं बोलणं बदलतं, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

४. १९४९ चा अधिनियम आतून कसा लावलाय? शोधायला सुरुवात कुठून करू?

अनुक्रमणिकेपासून. कायदा कथेसारखा पहिल्या पानापासून वाचायचा नसतो. सुरुवातीला व्याख्या आणि महापालिकेची प्राधिकरणं येतात: महासभा, स्थायी समिती, आयुक्त, परिवहन समिती. ठाण्यात नऊ प्रभाग समित्या आहेत, त्यांचा आधार कलम २९अ. मग कर्तव्यं येतात. कलम ६३ मध्ये महापालिकेने केलीच पाहिजेत अशी कामं आहेत: रस्ते, दिवे, गटारं, पाणी, साफसफाई, स्मशानभूमी. कलम ६६ मध्ये मनात आणलं तर करता येतील अशी. ही दोन कलमं प्रत्येक सोसायटीच्या सेक्रेटरीने एकदा वाचावीत. तक्रार अर्जात "आपलं कलम ६३ खालील बंधनकारक कर्तव्य" असं लिहिता येणं आणि "कृपया लक्ष द्यावे ही विनंती" असं लिहिणं यात फरक आहे.

करांसाठी कलम १२७ पासून पुढे; मालमत्ता कर १२९. रस्त्यावरच्या अतिक्रमणासाठी २३१ च्या आसपास, जाहिरात फलकांसाठी २४४ आणि २४५, बांधकाम २५३ पासून, परवाने ३७६ आणि ३८६, घरपट्टीवरचं अपील ४०६, शासनाचं नियंत्रण ४५१ च्या पुढे, नियम आणि उपविधी ४५३ ते ४६८ च्या दरम्यान. शेवटी अनुसूच्या आणि परिशिष्टं.

५. "अनुसूची ड" हा काय प्रकार आहे? सभेत नगरसेवक "पाच-दोन-दोन" म्हणतात ते काय?

अधिनियमाचा हा सर्वांत दुर्लक्षित आणि माझ्या मते सर्वांत कामाचा भाग. मूळ कलमं ढोबळ आहेत. काम कसं करायचं याचा तपशील अनुसूची ड मध्ये, प्रकरणांमध्ये विभागलेला आहे. कलम ४५३ सांगतं की अनुसूचीतले नियम हे अधिनियमाचाच भाग समजायचे. म्हणजे "ते नुसते नियम आहेत" असं म्हणून कोणी ते बाजूला सारू शकत नाही.

इथे एक सापळा आहे. अनुसूचीतल्या प्रकरणांचे क्रमांक आणि मुख्य अधिनियमातल्या प्रकरणांचे क्रमांक वेगवेगळे चालतात. घरपट्टीच्या नोटिशीत नुसतं "प्रकरण ८, नियम अमुक" असं लिहिलेलं असतं आणि माणूस मुख्य अधिनियमाचं आठवं प्रकरण उघडून बसतो. तिथे काहीच जुळत नाही. "नियम" शब्द दिसला की सरळ अनुसूची ड कडे जा. प्रकरण ८ म्हणजे तिथले कराधान नियम. सभांचं कामकाज प्रकरण २ मध्ये.

"पाच-दोन-दोन" म्हणजे अनुसूची ड, प्रकरण ५, नियम २(२). प्रकरण ५ कंत्राटांचं. सर्वसाधारण वाट निविदा मागवण्याची. या पोटनियमाखाली कारणं नोंदवून निविदेशिवाय काम देण्याची सोय आहे. तातडीच्या कामासाठी ती लागते, हे खरं. म्हणूनच अशा विषयाच्या गोषवाऱ्यात (सभेपुढे ठेवलेल्या टिपणीत) नोंदवलेली कारणं नागरिकांनी वाचायला हवीत. आमच्या बैठकीत आम्ही ती मोठ्याने वाचतो.

६. कलम २६५ नंतर २६५अ कसं आलं? आणि कुठे "६७(३)(क)", कुठे "६७(३)(ग)" लिहिलेलं दिसतं. चूक कोणाची?

चूक कोणाचीच नाही. कायदा झाल्यावर मध्येच नवं कलम घालायचं असेल तर पुढचे सगळे आकडे बदलत नाहीत. आधीच्या आकड्याला अक्षर जोडतात. अक्षर दिसलं की समजायचं, हे नंतर आलेलं. जुन्या छापील प्रतीत ते नसणारच. वडिलांच्या कपाटातली प्रत वापरत असाल तर जपून.

अक्षरांचा गोंधळ मात्र खास मराठीतला. कचेरीच्या जुन्या वळणात खंडांना अ, ब, क, ड म्हणतात. शासनाच्या अलीकडच्या अधिकृत मराठीत क, ख, ग, घ. त्यामुळे तिसरा खंड एका कागदावर "क" आणि दुसऱ्यावर "ग". दोन कागदांवर वेगळी अक्षरं दिसली तर खंड कितवा आहे ते मोजा आणि मजकूर जुळवा. अर्जात तुम्ही एकच पद्धत शेवटपर्यंत पाळा.

आणखी एक. कलमाखाली "परंतु" ने सुरू होणारं वाक्य म्हणजे परंतुक. मूळ कलमाने जे दिलं त्याला तिथे अट किंवा अपवाद जोडलेला असतो. लोक कलम वाचतात आणि परंतुकाआधी थांबतात. (त्याचं उदाहरण प्रश्न १३ मध्ये.)

७. मराठी प्रत आणि इंग्रजी प्रत यांचा अर्थ वेगळा निघाला तर?

१९४९ चा अधिनियम मुळात इंग्रजीत झालेला आहे. न्यायालयात वाद गेला तर शब्दाचा कीस मूळ इंग्रजीवर पडतो. रोजच्या पत्रव्यवहाराला मराठी प्रत पुरते, आणि महापालिकेला मराठीतच लिहावं.

८. महापालिका उपविधी कसे करते? त्यावर आम्ही हरकत घेऊ शकतो का?

घेऊ शकता, आणि घ्यायला हवी. कलम ४५८ मध्ये कोणत्या विषयांवर उपविधी करता येतात त्याची यादी आहे. ४५९ ते ४६१ मध्ये पुढची वाट: आयुक्त मसुदा महासभेपुढे ठेवतात, मसुदा जाहीर होतो, ठरलेल्या तारखेपर्यंत आलेल्या लेखी हरकती-सूचनांचा विचार महासभेने करायचा असतो, आणि शेवटी राज्य शासनाची मान्यता. यातली एक पायरी जरी गाळली तरी तो उपविधी न्यायालयात डळमळतो. अधिनियमाशी किंवा नियमांशी विसंगत उपविधी तर करताच येत नाही.

अडचण एवढीच की मसुद्याची जाहीर सूचना वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर बारीक अक्षरांत येते. आमच्यातले दोघं जण रोज सकाळी फक्त जाहीर सूचना वाचतात; सापडली की गटावर टाकतात. हरकत कशी लिहायची? मसुद्याचा खंड क्रमांक, त्यात काय खटकतं आणि त्याऐवजी कोणता शब्द हवा, या तीन गोष्टी. "आमचा विरोध आहे" एवढंच लिहिलं तर त्यावर विचार करण्यासारखं काही उरत नाही.

९. सोसायटीचे बायलॉज म्हणजेच महापालिकेचे उपविधी ना?

नाही. मराठीत दोघांनाही उपविधी म्हणतात, त्यामुळे ही गफलत होते. सोसायटीचे उपविधी महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० खाली येतात, नोंदणी उपनिबंधकांकडे होते, आणि ते सभासदांमधल्या करारासारखे आहेत. त्यांना कायद्याचं बळ नाही. महापालिकेचे उपविधी शहरातल्या सगळ्यांना लागतात आणि मोडले तर दंड होऊ शकतो. गच्चीवर शेड टाकायला सर्वसाधारण सभेने ठराव करून परवानगी दिली, तरी महापालिकेच्या दृष्टीने ती शेड अनधिकृतच राहते. हे वाक्य मी दर महिन्याला निदान एकदा तरी उच्चारते.

१०. घर वाढवायचंय. बांधकामाचे नियम महापालिकेच्या अधिनियमात सापडत नाहीत. कुठे आहेत?

बांधकाम दोन कायद्यांच्या छायेत येतं. एक आपला १९४९ चा. दुसरा महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६, ज्याला सगळे एमआरटीपी म्हणतात. विकास आराखडा, आरक्षणं, विकास परवानगी (कलम ४४ आणि ४५) हे एमआरटीपीत. एफएसआय (जमिनीच्या क्षेत्राच्या किती पट बांधता येतं ते प्रमाण) किती, समासातली म्हणजे इमारतीभोवती मोकळी सोडायची अंतरं किती, पार्किंग किती, जिना केवढा हे त्या अधिनियमाखालच्या नियमावलीत.

पूर्वी ठाण्याची स्वतःची विकास नियंत्रण नियमावली होती. डिसेंबर २०२० पासून राज्याची एकत्रित नियमावली लागू आहे, बोलण्यात युडीसीपीआर. ठाणे आणि नवी मुंबई दोन्हीकडे तीच; बृहन्मुंबईला ती लागू नाही. त्यामुळे इंटरनेटवर सापडणारी "ठाणे डीसीआर" ची जुनी पीडीएफ आजच्या कामासाठी वापरू नका. जुन्या इमारतीला तेव्हा काय मंजूर झालं होतं हे समजून घ्यायला मात्र तीच लागते.

११. एका शेजाऱ्याला कलम २६० ची नोटीस आली, दुसऱ्याला कलम ५३ ची. दोघांचंही वाढीव बांधकामच. फरक काय?

अधिनियम वेगळा. २६० हे १९४९ च्या अधिनियमातलं: परवानगीविना किंवा परवानगी मोडून केलेलं काम का पाडू नये याचं कारण दाखवायला सांगणारं. ५३ हे एमआरटीपीतलं, परवानगीशिवाय झालेल्या विकासावरचं. कधी कधी एकाच नोटिशीत दोन्ही लिहिलेली असतात. तेव्हा उत्तरही दोन्हींना, वेगवेगळ्या परिच्छेदांत द्यावं.

नोटिशीवर आयुक्तांऐवजी सहाय्यक आयुक्तांची सही असते म्हणून ती खोटी ठरत नाही. कलम ६९ खाली आयुक्त आपले अधिकार खालच्या अधिकाऱ्यांकडे सोपवू शकतात, आणि अशा कारवाईसाठी पदनिर्देशित अधिकारी नेमलेले असतात. सही कोणत्या हुद्द्याने केली आहे ते मात्र बघा.

आता महत्त्वाचं. "दिवाणी कोर्टातून स्टे आणतो" असं सांगणारे खूप भेटतात. पण कलम ४३३अ नुसार पदनिर्देशित अधिकाऱ्याने २६०, २६१, २६४, २६७ किंवा ४७८ खाली काढलेली नोटीस वा आदेश दाव्यात आव्हान देता येत नाही. म्हणून दिलेल्या मुदतीत लेखी उत्तर आणि मंजूर नकाशाची प्रत, हाच तुमचा मुख्य बचाव आहे. मुदत उलटून गेल्यावर आमच्याकडे येणाऱ्यांसाठी फार काही करता येत नाही, याचं मला दर वेळी वाईट वाटतं.

ही कलमं त्रास द्यायला केलेली आहेत असं काहींना वाटतं. ४ एप्रिल २०१३ ला आपल्याच शहरात, शीळच्या बाजूला, बांधकाम चालू असलेली अनधिकृत इमारत कोसळली. ७४ माणसं गेली, त्यांत लहान मुलं होती. २६० ची नोटीस वेळेवर निघणं आणि तिच्यावर कारवाई होणं म्हणजे काय, हे त्या दिवसानंतर ठाण्यात कोणाला समजावून सांगायला लागू नये.

१२. इमारतीवर "सी-१" लिहून गेले. म्हणजे घर गेलं का? मी भाडेकरू आहे.

सी-१ म्हणजे अतिधोकादायक, राहण्यायोग्य नाही. सी-२ए मध्ये इमारत रिकामी करून संरचनात्मक दुरुस्ती, सी-२बी मध्ये रिकामी न करता दुरुस्ती, सी-३ मध्ये किरकोळ दुरुस्ती. आधार कलम २६४. रिकामी करायचा आदेश कलम २६८ खाली. तीस वर्षांपेक्षा जुन्या इमारतीची संरचनात्मक तपासणी करून प्रमाणपत्र देण्याची जबाबदारी कलम २६५अ मध्ये. तपासणी सोसायटीने किंवा मालकाने करायची असते; महापालिका आपल्या खर्चाने करेल म्हणून थांबू नका.

इमारत रिकामी करणं आणि हक्क सोडणं या वेगळ्या गोष्टी आहेत. महापालिकेने इमारत पाडली म्हणून भाडेकरूचा हक्क आपोआप संपत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये सांगितलंय. पण तो हक्क सिद्ध करायला कागद लागतो. बाहेर पडण्याआधी तुमच्या खोलीचं क्षेत्रफळ महापालिकेच्या मोजमापात नोंदलं गेलंय ना, याची खात्री करा आणि त्या नोंदीची प्रत घ्या. भाडेपावत्या, वीजबिलं, शिधापत्रिका आधी बाहेर काढा, मग कपाटं.

१३. वीस वर्षं घरपट्टी भरतोय. आता घर अनधिकृत कसं?

घरपट्टी इमारत उभी आहे म्हणून लागते, अधिकृत आहे म्हणून नाही. कलम २६७अ मध्ये अनधिकृत बांधकामावर मालमत्ता कराच्या दुप्पट शास्तीची (दंडाची) तरतूद आली. पुढे शासनाने छोट्या निवासी घरांना त्यात सवलती दिल्या. त्याच कलमाचं परंतुक म्हणतं की असा कर किंवा शास्ती वसूल केली म्हणून बांधकाम नियमित झालं असं समजायचं नाही. प्रश्न ६ मध्ये परंतुकाबद्दल सांगितलं ते यासाठी. घरपट्टीच्या पावतीवरचं नाव हाही मालकीचा पुरावा नव्हे.

घरपट्टीची रक्कमच चुकीची वाटत असेल तर तो वेगळा विषय. आधी कर विभागाकडे लेखी हरकत, नंतर कलम ४०६ खाली न्यायाधीशांकडे अपील. अपिलाची मुदत पंधरा दिवस, आणि वादातली रक्कम आधी भरावी लागते.

१४. आमची इमारत १९७५ ची. तेव्हा महापालिकाच नव्हती. ती परवानगी आज चालते?

चालते. ठाण्यात नगरपालिका १८६३ पासून होती. १९८२ ला महापालिका झाली तेव्हा आधीचे आदेश, परवानग्या, उपविधी एका रात्रीत रद्द झाले नाहीत. कलम ४९३ आणि परिशिष्ट चार मधल्या संक्रमणकाळाच्या तरतुदी त्यासाठीच आहेत. नव्या कायद्याशी विसंगत नसेल तिथवर जुनं चालू. पण परवानगी कागदावर दाखवता आली पाहिजे. मूळ नकाशा हरवला असेल तर शहर विकास विभागाच्या अभिलेखात शोधायला अर्ज करा, आणि आजच करा. पुनर्विकासाची बोलणी सुरू झाल्यावर शोधाशोध केली तर बिल्डर वाट बघत नाही.

१५. दुकान काढायचंय. महापालिकेचा एक परवाना पुरे ना?

बहुधा नाही. दुकानाची नोंदणी २०१७ च्या महाराष्ट्र दुकाने व आस्थापना अधिनियमाखाली, आणि ठाण्यात ती कामगार विभागाकडे होते. मराठी पाटीची सक्तीही त्याच अधिनियमातली. २०२२ च्या दुरुस्तीने दहापेक्षा कमी कामगारांच्या दुकानांनाही ती लागू झाली. खाद्यपदार्थ असतील तर अन्नसुरक्षेची नोंदणी. महापालिकेचा परवाना कलम ३७६ मधल्या ठरावीक व्यवसायांना आणि वस्तूंच्या साठ्याला लागतो. तुमचा धंदा त्या यादीत आहे का ते आधी बघा. रस्त्यावर गाडी लावणाऱ्यांसाठी केंद्राचा २०१४ चा पथविक्रेता अधिनियम आहे, त्यात नगर पथविक्रेता समितीने सर्वेक्षण करणं अपेक्षित आहे.

१६. झाड, लाऊडस्पीकर, कचरा. हे तिन्ही महापालिकेकडेच ना?

झाडासाठी हो: १९७५ चा वृक्ष संरक्षण व जतन अधिनियम, महापालिकेचं वृक्ष प्राधिकरण. स्वतःच्या आवारातलं झाड तोडायलाही परवानगी लागते. आवाजासाठी पोलीस, केंद्राचे २००० चे ध्वनिप्रदूषण नियम, रात्री १० ते सकाळी ६. कचऱ्याचे मूळ नियम केंद्राने पर्यावरण (संरक्षण) अधिनियम, १९८६ खाली काढलेले, गोळा करायची जबाबदारी महापालिकेची.

१७. एकाच शहरात दोन ठिकाणी नियम वेगळे कसे? आणि नवी मुंबईत सिडको की महापालिका?

कारण जमिनीच्या एकाच तुकड्यावर एकाहून जास्त कायद्यांची सावली पडू शकते. खाडीकाठी कोलशेत, कळवा, दिवा भागात सीआरझेड (किनाऱ्यालगतच्या बांधकामावरचे केंद्राचे निर्बंध) आणि कांदळवनांचं संरक्षण येतं. येऊर महापालिका हद्दीत आहे, पण तिथे वन कायदे आणि संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाभोवतीच्या पर्यावरणसंवेदनशील क्षेत्राची २०१६ ची अधिसूचना लागते. "महापालिकेने परवानगी दिली" एवढ्यावर येऊरमध्ये जागा घेऊ नका.

नवी मुंबईत आणखी एक पदर आहे. सिडको, म्हणजे नवी मुंबई वसवणारं राज्याचं महामंडळ, १९७० मध्ये स्थापन झाली आणि जमीन तिच्या ताब्यात. घरं बहुतेक भाडेपट्ट्यावर. महापालिका १९९२ पासून. त्यामुळे वाशी किंवा नेरुळला बांधकाम परवानगी महापालिकेची, पण हस्तांतरणाला सिडकोचा भाडेकरार उघडावा लागतो. दिघा ते तुर्भे या पट्ट्यात ठाणे-बेलापूर औद्योगिक क्षेत्र एमआयडीसीचं, म्हणजे राज्याच्या औद्योगिक विकास महामंडळाचं. तिथे विशेष नियोजन प्राधिकरण एमआयडीसी, आणि राज्याच्या एकत्रित नियमावलीतून तिचं क्षेत्र वगळलेलं आहे. खारघर, कामोठे, कळंबोलीचे लोक पत्त्यात नवी मुंबई लिहितात, पण त्यांची महापालिका पनवेलची, २०१६ ची, आणि जिल्हा रायगड. तुमचं घरपट्टीचं बिल कोणाकडून येतं ते बघा, मग अर्ज लिहा.

१८. महासभेने आमच्या बाजूने ठराव केला, तरी काही होत नाही. ठरावाला किंमत नाही का?

आहे, पण मर्यादेत. महासभेच्या अधिकारातला विषय असेल, पैशांची तरतूद असेल, कायद्याविरुद्ध नसेल, तरच ठराव चालतो. कलम ४५१ खाली राज्य शासन ठराव निलंबित किंवा रद्द करू शकतं. कचेरीच्या भाषेत "ठराव विखंडित झाला". तुमचा ठराव अंमलात येत नसेल तर आधी हेच विचारा: विखंडनासाठी पाठवलाय का, की नुसता पडून आहे? दोन्हीचे इलाज वेगळे.

मार्च २०२२ ला नगरसेवकांची मुदत संपल्यावर बराच काळ प्रशासक, म्हणजे सभागृहाऐवजी शासनाने नेमलेले अधिकारी, होते. त्या काळातले प्रशासकीय ठराव वैध आहेत, आणि नंतरची महासभा ते रीतसर बदलू शकते. त्या ठरावांना सभेतली चर्चा नव्हती, म्हणून त्यांचे गोषवारे अधिक बारकाईने वाचावेत असं माझं मत आहे.

१९. हे सगळे कागद मिळतात कुठे?

अधिनियम आणि युडीसीपीआर शासनाच्या संकेतस्थळांवर. नगररचनेच्या अधिसूचना महाराष्ट्र शासन राजपत्रात, ठाण्याच्या बहुधा कोकण विभागीय पुरवणीत. ठराव आणि इतिवृत्तं पाचपाखाडीच्या मुख्यालयात सचिव विभागाकडे. डाउनलोड केलेल्या अधिनियमाच्या प्रतीवर "अमुक तारखेपर्यंत सुधारित" असं लिहिलेलं आहे का ते पाहा. नसेल तर ती प्रत फक्त ओळख करून घेण्यापुरती.

२०. अधिकारी म्हणतात "वरून आदेश आहेत", पण कागद दाखवत नाहीत. काय करू?

त्याच दिवशी एक पानाचा अर्ज लिहा: "दि. अमुक रोजी मला तोंडी सांगण्यात आलेला आदेश कोणत्या अधिनियमाच्या कोणत्या कलमाखाली आहे, त्याची प्रत मिळावी." आवक विभागात देऊन तुमच्या प्रतीवर शिक्का आणि आवक क्रमांक घ्या. दोन आठवड्यांत काही आलं नाही तर माहिती अधिकार अधिनियम, २००५ खाली अर्ज. दहा रुपयांचं कोर्ट फी स्टॅम्प, उत्तराची मुदत तीस दिवस. अर्जात "का" विचारू नका, कागद मागा: परिपत्रकाची प्रत, ठराव क्रमांक, टिपणीची पानं. सेवा अधिसूचित असेल, उदाहरणार्थ एखादा दाखला, तर २०१५ च्या महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियमाखाली ठरलेल्या दिवसांत ती मिळाली नाही म्हणून अपील करता येतं. ती वाट जास्त जवळची.

एका काकूंना पाण्याच्या जोडणीसाठी एका कार्यालयात सहा महिने "वरून आदेश" ऐकायला लागलं. आम्ही वरचा एका वाक्याचा अर्ज लिहून दिला. नवव्या दिवशी जोडणी मिळाली. आदेशाची प्रत मात्र अजून आलेली नाही, आणि काकूंनी त्यासाठी अपील लावलंय.